घराचा पत्ता कोण सांगत होतं?

श्राद्धाला सगळे गच्चीवर कावळ्याची वाट बघतात, तेव्हा मी खाली पेपर वाचत बसते. मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही, एवढंच सांगायचंय. तरीही हे लिहितेय...

ऐंशीच्या दशकाचा शेवट. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस होतं – दुसऱ्या मजल्यावरचा गाळा, सगळ्यांत मिळून एक युनिक्स मशीन, चपला बाहेर काढून एसीत जायचं. शेजारी वंदना बसायची, बोरीवलीची. घाटकोपरच्या एका ब्लड बँकेला रक्तदात्यांची नावं शोधून देणाऱ्या प्रोग्रामचं काम तिच्याकडे.

डेटा कुठल्या जागी ठेवलाय, हे तिने प्रोग्रामच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिलं नव्हतं. तिथे फक्त एक नाव होतं – ‘घर’. त्याची किंमत, म्हणजे खरा पत्ता, बाहेरून यायची – एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे लॉगिननंतर मशीन लक्षात ठेवतं त्या नोंदींतून. लॉगिन केलं की आपोआप चालणारी वंदनाची लॉगिन फाइल ती भरायची. "अगं, उद्या डेटा हलवला तर प्रोग्रामला हात नको. नुसतं घर बदलायचं!"

तिला कावीळ झाली. मी रविवारी भेटायला जाणार होते. ती शनिवारी गेली.

पुढे आमचे बॉस साठे सर म्हणाले, "तिचं अकाउंट काढ, डिस्कवर जागा नाही. काम आता तू बघ." मी काढलं. एक कमांड, एंटर. आणि खिडकीजवळची तिची जागा मिळाली म्हणून थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं – अकाउंटबरोबर तिची लॉगिन फाइलही गेली. माझ्या लॉगिन फाइलमध्ये ती किंमत भरणारी ओळ नव्हतीच. म्हणजे ‘घर’ला किंमत देणारं कुणी उरलं नव्हतं, प्रोग्राम अडायला हवा होता. पण चालला! एन्व्हायर्नमेंट स्क्रीनवर छापून बघितली, तर ‘घर’ आणि पुढे बरोबर पत्ता. सरांनी आणि मी मशीन पालथं घातलं, बंद करून चालू केलं. ओळ कुठेच नाही, किंमत हजर.

"चालतंय ना? मग राहू दे," सर म्हणाले.

मग एका सकाळी डिस्कचा नेमका डेटा ठेवलेला भाग वाचता येईना. टेपवरचा बॅकअपही अर्धवट निघाला. आणि तेवढ्यात ब्लड बँकेतून फोन – बाळंतीण आहे, बॉम्बे ग्रुप. फार कमी लोकांचा गट, दुसरं रक्त चालतच नाही. "मॅडम, नावं द्या हो लवकर, बाई हातची जातेय!"

प्रोग्राम मी वेड्यासारखा पुन्हा लावला. आणि... नावं आली. एक मुलुंडचा, एक पार्ल्याची. फोनवर दोनदा वाचून दाखवली. बाई वाचली. बाळही.

नंतर किंमत बघितली. ‘घर’पुढे नवाच पत्ता होता – ‘जास्वंद’ नावाची डिरेक्टरी, जी आम्ही कधी ऐकलीही नव्हती. आत सगळ्या डेटाची कॉपी, वंदनाने आजारी पडायच्या आधी, तिच्या अकाउंटबाहेर ठेवलेली. कॉपीचं कळलं. पण त्या सकाळी पत्ता कुणी बदलला?

सर चांगलेच टरकले होते. "हे असं नको बाई. तो पत्ता तुझ्या लॉगिन फाइलमध्ये लिहून टाक." मी लिहिला. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं झालं.

त्यानंतर मी लिहिलेलाच पत्ता येत राहिला. पण चैन पडेना. एका दुपारी ती ओळ पुसली आणि पुन्हा लॉगिन केलं. ‘घर’पुढे काहीच नाही. प्रोग्राम अडला. परत करून पाहिलं, काहीच नाही. शेवटी ओळ पुन्हा लिहिली.

सगळं सांगायचं ठरवून तिच्या आईकडे बोरीवलीला गेले. मावशींनी पोहे केले. "ऑफिसात तिची आठवण काढता का गं?" म्हणाल्या. "हो, मावशी." बाकीचं न सांगताच पोहे संपवून निघाले.

पत्ता कोण सांगत होतं, ते मला आजही माहीत नाही. जे कुणी होतं त्याने एका बाईचा जीव वाचवला. आणि तुझी आता गरज नाही, असं मी त्याला स्वतःच्या हाताने ती ओळ लिहून कळवलं.