चार स्क्रूंवरचा कूलर

आमचा जुना कॉम्प्युटर हृदयापर्यंत आला की मान टाकायचा. हृदय म्हणजे बायकोच्या व्हिडिओतलं. लातुरात ती बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते. बरीच वर्षं दुसऱ्याच्या क्लासमध्ये घसा कोरडा केल्यावर तिने ठरवलं, आता स्वतःचे धडे स्वतः रेकॉर्ड करायचे. जूनमध्ये बॅचेस भरायच्या आत पहिला संच तयार हवा होता; एकदा पोरं दुसरीकडे बसली की कुणी फिरकत नाही. आणि इकडे एप्रिलच्या उकाड्यात मशीन तापून बंद पडत होतं.

नवा कॉम्प्युटर जोडून घ्यायचं ठरलं. बाकी सगळे भाग तिने निवडले. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर आणि बाहेरची पेटी एवढं माझ्यावर सोपवलं. मला मिरवायची भारी हौस. मी एका बाजूला काच असलेलं कॅबिनेट पसंत केलं आणि कूलर पाण्याचा. नळ्यांतून पाणी खेळतंय, पंखे निळे-जांभळे उजळतायत, नुसता दरबार!

“नळाला पाणी यायची मारामार, अन् तुम्ही ते कॉम्प्युटरमध्ये भरणार?” बायको म्हणाली.

“अगं, कंपनीतूनच भरून येतं. नळ्या बंद असतात.”

“अन् हादरा बसून नळी निसटली तर?”

इथे मी पाण्याच्या कूलरचा नाद सोडला. लातूरचा तो मोठा भूकंप झाला तेव्हा ती शाळकरी होती, गाव त्याच पट्ट्यातलं. पहाटे घर हललं आणि भिंतीवरची पितळी भांड्यांची फळी धाकट्या भावाच्या पायावर आली. भाऊ वाचला, आजही लंगडत क्रिकेट खेळतो आणि रनर मागून सगळ्यांना पिडतो. पण तेव्हापासून तिचा नियम: घरात जड वस्तू उंचावर नको, उभी तर नकोच. आमच्याकडे आरसा आडवा, शिडी आडवी, कपाट पट्ट्या मारून भिंतीला जखडलेलं. मी तेवढा उभा असतो, तोही तिच्या परवानगीने.

नांदेडला तिच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आम्हाला पाहताच तो काउंटरबाहेर आला.

“या मॅडम! तुमच्या क्लासला बसून डॉक्टर न्हाई झालो, म्हणून हे ऑपरेशन करून राहिलो.”

“पेशंट वाचले म्हणायचे,” बायको म्हणाली.

त्याने विटेएवढा कूलर पुढे ठेवला. ॲल्युमिनियमच्या पात्यांची चळत, दोन्ही अंगांना पंखे. “लई भारी पीस हाय. पाणी न्हाई, नळी न्हाई, गळायची भीतीच न्हाई.”

तिने तो हातावर तोलला. “बसतो कुठं?”

“बोर्डावर. बोर्ड उभा, हा त्याला आडवा.”

“म्हणजे लोंबकळतो. धरलाय कशानं?”

“चार स्क्रू, मॅडम. एकदम पक्के.”

“आमच्या फळीलाही चारच होते.”

त्याने चाचरत प्रोसेसरसोबत येणारा छोटा कूलर दाखवला. तसलाच तर जुन्या मशीनमध्ये हार खाऊन बसला होता. वातावरण हलकं करायला मी छातीवर हात ठेवून जाहीर केलं की कूलरला वरून दोरी बांधून पाळण्यासारखा टांगू, मी स्वतः अंगाई म्हणेन.

कुणी ऐकलं नाही. बायकोने मी पसंत केलेलं रिकामं कॅबिनेट दोन्ही हातांनी धरलं आणि सरळ काउंटरवर आडवं केलं, काच आभाळाकडे. झाकण काढून कूलर आत ठेवला. तो जोत्यावरच्या विटेसारखा बसला.

“आता कुठं पडंल?”

“मॅडम, असं कुणी ठेवत न्हाई.”

“चालतं का, ते सांग.”

त्याने वाकून पाहिलं. हवा पुढून आत, मागून बाहेर, खालची बाजू सपाट पत्र्याची. “चालतं की!”

“अगं, पण काच वर गेली,” मी कळवळलो. “लोकांना दिसणार काय?”

“वाकून बघतील.”

परतीच्या एसटीत कॅबिनेट माझ्या मांडीवर आडवं होतं. लोह्याला चढलेल्या एका आजोबांनी विचारलं, “पेटी हाय का, बुवा? मग होऊ द्या की.” मी पत्र्यावर ठेका धरून अहमदपूरपर्यंत भजन गायलो. बायकोने ओळखच दाखवली नाही.

मे महिन्यात, भर दुपारी ती हृदयाचा धडा रेकॉर्ड करत होती. नवं मशीन शेजारी बुटक्या पाटावर निजलेलं. एकाएकी जमीन घुमली, खिडकीची तावदानं वाजली. एरवी अशा वेळी ती माझं मनगट धरून अंगणात असते. मी चप्पल शोधू लागलो. ती थांबली. काचेतून कूलरकडे पाहिलं, तो ढिम्म. मग माईककडे वळून म्हणाली, “तर आता रक्त डाव्या कप्प्यात आलं.”

मागच्या गल्लीतून डाळीच्या पोत्यांचा ट्रक गेला होता. धडा संपल्यावर मी म्हटलं, “तो आवाज कापून टाकायचा का?”

“कशाला? शिकवण्यात काही चुकलं का?”

आणि तिने पुढचा धडा उघडला.