"दंगलीत होतो नं, साहेब"

ती घटना आठवली की आजही मला बसल्या जागी चुळबुळ सुरू होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याकडचा, नवा फौजदार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलकाठच्या ठाण्यात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. एप्रिलचे ऊन मी म्हणत होते. आठवडी बाजारात दोन गटांत तुंबळ हाणामारी झाली आणि एकाचे डोके फुटले. तो शुद्धीवर नव्हता, आणि वरून सारखे फोन: आरोपी किती धरले?

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत पानठेल्यावर गेलो. खबर काढण्यात आपण तरबेज, असा माझा समज होता. सहज विचारावे तसे विचारले, "काल दंगलीत तुमच्या गावचं कोण होतं?"

पानवाला चुना लावता लावता म्हणाला, "समोरच्या बाईचा पोरगा होता नं, भाऊ. लय गाजवली त्यानं."

तासाभरात तो तरुण ठाण्यात हजर. वनरक्षकाच्या नोकरीची त्याची ऑर्डर आली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. गुन्ह्यात नाव आले की नोकरी गेलीच.

"काल दंगलीत होतास?"

"होतो नं, साहेब."

"किती जण?"

"आमी सहा, समोरचे सात."

"सुरुवात कोणी केली?"

"त्याईनं. मंग आमीबी सोडलं नाई."

इतका सरळ आरोपी मी पाहिला नव्हता. त्याचे हात सुजले होते, तेही जबाबात घेतले. हवालदार मध्ये काही बोलू पाहत होता, त्याला गप्प बसवले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

"मले काऊन बसवलं, साहेब?" पोरगा विचारत राहिला. मी कोठडीकडे बोट दाखवले.

दुपारी त्याची आई डबा घेऊन आली. "साहेब, त्याच्या हाताले तेल लावू द्या. कालच्या दंगलीत ढोलक वाजवून वाजवून सुजले."

"दंगलीत ढोलक?"

"कव्वालीची दंगल, साहेब. जयंतीची. पलीकडच्या गावात दोन पार्ट्या आमनेसामने होत्या."

हवालदार खाली मान घालून म्हणाला, "तेच सांगून राह्यलो होतो, साहेब. इथी गाण्याच्या सामन्यालेबी दंगलच म्हणतात."

मी त्याचे हात पुन्हा पाहिले. मारामारी करणाऱ्याची बोटांची पेरं सोलवटतात. याचे तळवे सुजले होते. जीप काढून त्या गावी गेलो. पोलीस पाटलाने आणि समोरच्या पार्टीच्या गायकानेही सांगितले, काल सकाळपासून इकडचा बाजार उठेपर्यंत तो मंचावरच होता. परत येऊन त्याला सोडले आणि पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही नाही' असे लिहून सही केली.

जाताना तो म्हणाला, "साहेब, पुढच्या दंगलीले या तुमी." हवालदार हसला. मला हसू आले नाही.

पुढे नोकरीभर, जबाब घेताना मी प्रत्येकाला विचारत आलो, "म्हणजे काय?" हाताखालचे लोक मागे टिंगल करत. करोत बापडे. त्या दिवशी मी लिहून घेतलेला एकही शब्द खोटा नव्हता, आणि जबाब मात्र साफ खोटा होता.