खिशात उरलेला खडा

कल्याणच्या बाहेर टेकडीखाली खडीची खाण होती, तिथे बाबा सुरुंग लावायचे. जितके सुरुंग ठासले तितके खडे ते खिशात ठेवायचे. लाल निशाण हलवून सगळ्यांना लांब पिटाळलं, की प्रत्येक धमाक्याला एक खडा फेकायचे. खिसा रिकामा झाल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही, हा त्यांचा नियम.

एकदा एक खडा उरला. मुकादम म्हणाला, "दोन एकदम फुटले असतील." बाबांना ते कधीच पटलं नाही; पाण्याकडच्या कोपऱ्यातला एक सुरुंग फुटलाच नाही, असं ते म्हणायचे. पुढे खाण बंद पडली, बाबाही गेले, आणि खडा माझ्याकडे आला.

गेल्या वर्षी गावाने त्या खाणीचा तलाव करायचं ठरवलं. म्हशींना पाण्यापर्यंत उतरता यावं म्हणून पोकलेनने कडे फोडून उतार केले, वर माती पसरून गवत लावलं. मी पोकलेनवाल्याला तो कोपरा दाखवला, तर तो हसला. "अरे काका, इतकी वर्षं झाली. सुरुंग कधीच सादळला असेल." सादळला असेल म्हणे! लोखंडी दात त्या दगडावर करकरले तेव्हा मी चिंचेच्या झाडाला धरून उभा राहिलो. काही झालं नाही. पण सुरुंग सापडलाही नाही.

आता सगळे म्हणतात, काय छान जागा झाली. रोज सकाळी माझा धाकटा भाऊ म्हशींच्या मागे त्याच कोपऱ्यातून पाण्याकडे उतरतो. तो वर येईपर्यंत मी काठावरून हलत नाही, आणि खिशातला हात खड्यावरून निघत नाही.