अर्धंच दिसणारा भात

झाडांच्या बाबतीत आमच्या साडूंइतका निर्दय माणूस अख्ख्या डोंबिवलीत शोधून सापडायचा नाही, असं निदान त्यांचं स्वतःचं मत होतं. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. झाडांना दिसतं, त्यांच्या पानांत उजेड ओळखणारे रेणू असतात, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढप्याला थांबवून सांगत. वर्तकनगरला आमच्याकडे आले आणि माझ्या बायकोने कुंडीत तांब्या उपडा केला, की ओरडायचे, "अगं, लाडावू नकोस! तहानेशिवाय झाडाची जात कळत नाही." एकदा शेजारच्या साखरपुड्यात "झाडांना रात्र झालेली कळू दे" म्हणून त्यांनी कुंड्यांवरचा हॅलोजन बंद केला, तोही नेमका अंगठी घालताना. "हे कोणाचे पाहुणे?" असं कोणीतरी विचारलं, तेव्हा मी श्रीखंडाच्या वाटीत तोंड खुपसलं.

त्यांचा सगळा जीव मात्र एका भातावर. बी जुन्या विद्यार्थिनीने दिलेलं. त्यातला उजेड ओळखणारा एक रेणू कामच करत नाही. "याला अर्धंच दिसतं, म्हणून पानांवर छिद्रं कमी, म्हणून पाणी कमी उडतं. साधा भात मान टाकेल तेव्हा हा उभा असेल!" गच्चीवर दोन्ही भात शेजारी शेजारी लावले आणि पाणी बंद केलं. कल्याणच्या शेतकरी मेळाव्यात ते दाखवायचे होते. आयुष्यभर फळ्यावर शिकवलेलं एकदा लोकांना डोळ्यांनी दिसणार होतं.

मेळाव्यात कुंड्या मांडल्या, तर दोन्ही भात हिरवेगार. पुढच्या रांगेतल्या शेतकऱ्याने विचारलं, "सर, यातला तहानलेला कुठचा?" साडूंचे कान लाल झाले. माइक धरून ते पुटपुटले, "साध्याला मीच पाणी घातलं. रोज दुपारी. पानं गुंडाळून घेतो हो तो, बघवत नाही." लोक हसले, वाईट मनाने नव्हे, पण साडू काही मान वर करेनात. परतताना रिक्षात मांडीवर कुंडी धरून म्हणाले, "एवढी वर्षं पोरांना प्रयोग शिकवला. लाज वाटते रे."

यंदा त्यांनी पुन्हा पेरलंय. गच्चीच्या दाराला कुलूप घालून किल्ली माझ्याकडे आणून दिली. "मी मागितली तरी देऊ नकोस."

परवा भर दुपारी घाम पुसत आले. चहा घेतला, क्रिकेटवर बोलले, मधूनमधून किल्लीच्या खुंटीकडे बघत राहिले. मागायची त्यांना लाज वाटत होती आणि नाही म्हणायची मला. शेवटी न मागताच उठले आणि दाराबाहेर कितीतरी वेळ चपला घालत राहिले.