माझ्या नवऱ्याची ओटी भरली तेव्हा

माझ्या नवऱ्याला ओल्या लुगड्यात गुंडाळून उघड्या पडवीत बसवला होता, थंडीने त्याचे दात वाजत होते, आणि माझी सासू त्याच्या पायांवर डोकं ठेवून विचारत होती, "माये, अजून गार करू का गं?"

पौष महिना होता. नवरा कल्याणच्या बाजारात मीठ विकायला गेला तो ताप घेऊनच आला, आणि दोन दिवसांत अंगभर फोड उठले. आमचं गाव खाडीकाठचं, डोंबिवलीहून शेतांतून चालत गेलं की लागायचं. तिथे फोड कसले आहेत हे कोणी विचारत नसे. फोड आले म्हणजे देवी आली. देवी म्हणजे पाहुणी, आणि आजारी माणूस म्हणजे तिचं उतरायचं ठिकाण. त्या माणसाला काय वाटतं, हा प्रश्नच नव्हता.

शेजारच्या बायजाकाकीला सगळ्या देवांचे स्वभाव पाठ होते. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आधीच सांगते. वाईट असतं तर तिला हाकलता तरी आलं असतं! तिने नियम घालून दिले. घरात फोडणी द्यायची नाही, मी केस विंचरायचे नाहीत, रडायचं नाही, औषधाचं नाव काढायचं नाही. देवी उष्ण, म्हणून तिला गार ठेवायची. मग कडुलिंबाच्या पाण्यात बुडवलेलं लुगडं त्याच्या अंगावर, आणि पोटात ताक.

गावच्या बाया दर्शनाला लोटल्या. एकीने त्याच्या कपाळावर मळवट भरला. दुसरीने हिरव्या बांगड्या आणल्या, त्या मनगटात जाईनात (नवरा मिठागरावर फावडं मारणारा), म्हणून कानांवर अडकवल्या. मग काकीने त्याची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं त्या मिशीवाल्याच्या मांडीत. बाकीच्या बाया हात जोडून उभ्या, आणि हा शिंकतोय. प्रत्येक शिंकेला सासू म्हणायची, "माय पावली."

तिसऱ्या दिवशी त्याची छाती चुलीवरच्या आधणासारखी वाजू लागली. दोन शब्द बोलला तरी धाप लागे. मी म्हटलं, स्टेशनाजवळच्या डॉक्टरला आणू या. काकीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवळात चप्पल घालून शिरले.

"घरात पाहुणी आलीय आणि तू तिला सुई टोचणार, गोदे?"

"पाहुणी जाईल हो काकी. जाताना माझा नवरा घेऊन जाईल."

सासूने माझ्या तोंडावर हात ठेवला.

आता काकीचा एक मोठा नियम होता. अंगात माय असताना माणूस जे मागेल ते द्यायचं, कारण मागणारा तो नसतोच. सकाळी नवऱ्याने चहा मागितला होता, तर तीन घरांतून चहा आला. दुपारी त्याने भजी मागितली. काकी अडचणीत. माय मागते म्हणावं, तर मायलाच तळण चालत नाही. काकीने डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला, "चहा मागितला तो मायने. भजी मागतोय तो पांडू."

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण एवढा हिशेब मला कळला. लुगडं पिळायच्या निमित्ताने मी नवऱ्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, डॉक्टर मागा. तो सुईला भलता घाबरायचा. मान हलवून नको म्हणाला. मग मी त्याला सांगितलं की लुगडी अजून दोन भिजत ठेवलीत.

त्याने लगेच डॉक्टर मागितला. पण कसा, तर रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखा. काकी म्हणाली, "हा पांडू बोलतोय." झालं! मी परत वाकले आणि त्याला म्हटलं, देवी असं पुटपुटते का? माझ्यावर ओरडता तसं ओरडा.

त्याने डोळे वटारले. कानांवरच्या बांगड्या किणकिणल्या.

"बायजे!"

ज्या काकीसमोर तो आयुष्यात मान वर करून बोलला नव्हता, तिला त्याने नुसत्या नावाने हाक मारली.

"मला डॉक्टर पाहिजे. तूच आण. अनवाणी जा."

काकीने जमिनीला डोकं टेकलं आणि ती शेतातून पळत सुटली. तासाभराने डॉक्टरला टांग्यातून घेऊन आली. टांगा शेताच्या बांधापर्यंतच येई, तिथून काकीने डॉक्टरची पेटी स्वतःच्या डोक्यावर आणली. डॉक्टरने कानांवरच्या बांगड्या बघितल्या आणि पेटी उघडली. छाती तपासून म्हणाला की फोड आपोआप जातील, पण हा गारठा अजून एक दिवस चालला असता तर माणूस गेला असता. ओलं लुगडं काढा, घोंगडी द्या, गरम प्यायला द्या. सुई टोचली तेव्हा नवरा देवीला शोभणार नाही असा किंचाळला. सासू म्हणाली, "सोसलं बाई मायने."

मी मनात गुढी उभारली. कडकडीत आल्याचं पाणी घेऊन पडवीत आले, तर घोंगडीतून पुन्हा तोच आवाज.

"आणि ही गोदी! माझी पाठवणी होईपर्यंत हिने तोंड उघडायचं नाही."

मी तोंड उघडलं. काकीने तिथेच बोट रोखलं. आता सांगणार काय? हा पांडू बोलतोय म्हणावं, तर मघाचा डॉक्टरही पांडूनेच मागितला होता. मी तोंड मिटलं. घोंगडीखाली तो हसत होता, मला पोट हलताना दिसत होतं.

खपल्या पडून देवीची पाठवणी व्हायला तीन आठवडे लागले. शेवटचा आठवडा तो धडधाकट होता, पण माय जायला तयार नव्हती.

त्या दुखण्यातून नवरा जगला, पुढे नातवंडं बघून गेला. सासू जगली, काकी जगली. आणि तीन आठवडे एक शब्द न बोलता मीही जगले, पण हे आमच्या गावात आजवर कोणी खरं मानलेलं नाही.