पायावरची आंघोळ

कळव्याच्या चाळीतली निम्मी पोरं कलावतीबाईंच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. बाई पाटावर बसायच्या, पाय लांब करायच्या, बाळ पालथं घालून चोळायच्या आणि शेवटी तेलाच्या बोटांनी त्याचं नाक ओढायच्या. पहिल्या वर्षात नाक वळवलं नाही, तर पुढे ते कोणाच्या बापाला वळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांची एकुलती मुलगी योगिनी मेलबर्नला. तिची बाळंतपणाची तारीख २०२०च्या एप्रिलातली, म्हणून बाईंचं तिकीट मार्चअखेरचं काढलेलं. डिंकाचे लाडू डब्यात भरून झाले आणि करोनामुळे विमानं बंद झाली. नातीचं नाव संचिता ठेवलं, तेही बाईंनी फोनवरच ऐकलं.

नवरा मारुती फोन धरायचा आणि बाई उशी पायांवर घेऊन चोळून दाखवायच्या. एक दिवस योगिनी म्हणाली, "आई, इथे टबात घालतात गं." बाईंना ते फार लागलं. "मग टबातच घाल. तू पायावर घेऊ नकोस, पाडशील. मी आल्यावर बघते," एवढं बोलून त्यांनी उशी ठेवून दिली ती कायमची.

दिवाळीच्या सुमारास शेजारची गोदा दुबईला मुलाकडे, हितेशकडे जाऊन आलीसुद्धा. बाईंचा जळफळाट झाला. हिच्यासाठी विमान उडतं, मग माझ्याच विमानाचं काय घोडं अडलंय? प्रत्येक देशाच्या दाराला आपापली कडी असते, असं मारुतीने परोपरीने समजावलं. पण पटलेल्या गोष्टीनेही माणसाला रडू येतंच. गोदाने आणलेला खजूर बाईंनी कितीतरी दिवस तोंडात घातला नाही. तिकडे नात बसायला लागली, रांगली, चालली. बाईंचे पाय मात्र रिकामेच राहिले.

ऑस्ट्रेलियाचं दार उघडलं तेव्हा संचिता दोन वर्षांची होत आली होती. विमानतळावर आजीला पाहताच ती आईच्या मागे लपली. फोनमधली आजी केवढीशी, आणि ही एवढी मोठी! बाईंनी हसून साजरं केलं, पण रात्रभर उशी भिजली. नातीला न्हाऊ घालायचं वय निघून गेलं होतं आणि ते कुठलंच विमान परत आणणार नव्हतं.

सकाळी त्या न्हाणीघराशी गेल्या, तर संचिता जमिनीवर पाय लांब करून बसलेली. पायांवर बाहुली पालथी. तिने बाहुलीची पाठ चोळली, तिला उलटवलं आणि चिमटीत धरून तिचं नाक ओढलं.

बाईंनी योगिनीकडे पाहिलं. "टबात घालत होतीस ना गं?"

"एकदाच घातलं. मग तू दाखवलंस तसंच, वर्षभर. तेव्हाचे व्हिडिओ ती रोज बघते. तुला सांगितलं असतं, तर पाडशील पाडशील करून माझा जीव खाल्ला असतास."

बाईंचे गुडघे कुरकुरत होते, तरी त्या भिंतीला टेकून तिथेच खाली बसल्या आणि त्यांनी पाय लांब केले. संचिता बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिली. मग बाहुली बाजूला ठेवून ती आली आणि आजीच्या पायांवर पालथी झोपली. आता ती मावत नव्हती, तिचे पाय खाली फरशीवर टेकले. बाईंनी तेलाची वाटी मागितली.