धुरात नापास

गल्लीत तिला ब्रेकवाली म्हणायचे. तोंडावर नव्हे, तोंडावर सगळे काकूच म्हणत. नाव समोरच्या शिंप्यानं पाडलं होतं. गाडीची वार्षिक तपासणी जवळ आली, की त्याच्या मशिनच्या खडखडाटातूनही तिच्या नवऱ्याचा आवाज ऐकू यायचा : "ब्रेक. सोड. ब्रेक. सोड म्हटलं ना, बहिरी झालीस का?"

तो गाडीच्या मागं उभा राहून दिवे बघायचा आणि ती चालकाच्या जागेवर बसून पायानं ब्रेक दाबायची. त्या गाडीत तिचं काम तेवढंच. स्टिअरिंगला हात लावायचा नाही, आरसा हलवायचा नाही, उतरताना पायाखालचं रबर झटकून ठेवायचं.

नवरा एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. तिथं प्रत्येक खिळ्याची जागा ठरलेली, तशी घरात प्रत्येक वस्तूची आणि माणसाची. गाडी जुनी, चौकोनी, डिझेलवरची. कुणाची तरी वापरलेली घेतली, पण नव्या नवरीसारखी जपली. नवरीला मात्र असं कधी जपलं नाही, हेही शिंपीच म्हणायचा.

एका वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी ती बॉनेटची कड फडक्यानं पुसत होती. त्यानं न बघता बॉनेट खाली आपटलं. तिचं मधलं बोट आत सापडलं. ती ओरडली नाही, कारण ओरडलं की तो आणखी चिडायचा. मुलगी तेव्हा शाळकरी होती; दप्तर पाठीला अडकवून दारातच उभी होती. त्यानं बॉनेट उचललं, आधी पत्र्याला पोचा पडलाय का ते पाहिलं आणि मग म्हणाला, "हात कुठं ठेवावा एवढीही अक्कल नाही. गुंडाळ फडक्यात आणि बस आत. उजेड जायच्या आत दिवे बघायचेत."

ती बसली. ब्रेक दाबला, सोडला, दाबला. दुसऱ्या दिवशी कामावर गेली तेव्हा बोट काळंनिळं झालं होतं. काम इस्पितळाच्या धुलाईघरात, चादरींना इस्त्री करायचं. डॉक्टर वरच्याच मजल्यावर, पण "काय झालं" विचारतील म्हणून ती गेली नाही. हाड जुळलं ते वाकडंच. मुलगी त्यानंतर त्या गाडीत कधी बसली नाही. पुढं लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, आणि आली तरी पाहुण्यासारखी, खुर्चीच्या कडेवर बसायची.

निवृत्त झाल्यावर थोड्याच महिन्यांत नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शब्दाचं पहिलं अक्षर निघायचं आणि तिथंच अडकायचं. डोकं मात्र लख्ख होतं. डॉक्टर म्हणाले, "यांना सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही. फार अवघड असतं हो ते." तिनं मान हलवली. तसं जगायची तिला जुनी सवय होती.

सेवेत तिनं खोट ठेवली नाही. अंग पुसणं, कूस बदलणं, वाटी-चमच्यानं भरवणं, सगळं वेळच्या वेळी. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहे तो, दुसरी असती तर टाकून गेली असती. मध्येच तिनं गाडी शिकायला नाव घातलं. शिकवणारा पहिल्याच दिवशी म्हणाला, "काकू, पाय तयार आहे तुमचा. कुठं शिकलात?"

"घरीच," ती म्हणाली.

लायसन्स हातात आलं तेव्हा तिनं ते त्याच्यासमोर धरलं. त्यानं डाव्या हातानं चहाचा कप भिरकावला. तिनं तुकडे गोळा केले, फरशी पुसली, आणि त्या दिवशी दुसरा चहा केला नाही.

मग तपासणीचे दिवस आले. तो कॅलेंडरकडे बोट दाखवू लागला, अंगणातल्या गाडीकडे दाखवू लागला. "मे... मे..." म्हणायचा. मेस्त्रीला बोलव म्हणत होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"मेस्त्री कशाला?" ती म्हणाली. "मी आहे ना. इतकी वर्षं बघतेय."

रविवारी सकाळी तिनं त्याची खुर्ची ओढून दारात लावली, गाडी नीट दिसेल अशी. पांघरूण घातलं, उशी दिली. आणि त्याची जुनी कामाची पँट घालून, पायाशी दुमडून, ती गाडीला भिडली. इंजिन गरम करून जुनं ऑइल खाली घमेल्यात सोडलं, काळंकुट्ट. नवं भरलं. एअर फिल्टर बदलला. टायरची नक्षी बोटानं चाचपली, फाटका वायपर काढून नवा लावला. त्याचे पाने त्याच्याच पेटीतून घेत होती आणि भलत्याच कप्प्यात ठेवत होती. प्रत्येक वेळी त्याच्या घशातून गुरगुर यायची. ती वर बघायची नाही.

डिझेलचा फिल्टर बदलला आणि गाडी सुरू होईना. स्टार्टर नुसता फिरत राहिला. बॅटरीचा आवाज बसत चालला. समोर शिंप्यानं मशिन थांबवलं.

"ह..." नवरा खुर्चीतून पुढं झुकला. कपाळाची शीर तटतटली. "ह... ह..."

फिल्टर काढला की नळीत हवा शिरते आणि इंजिनपर्यंत डिझेल पोचत नाही, हे तिला ठाऊक होतं. दर वर्षी तो फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबून ती हवा काढताना तिनं पाहिलं होतं. तो काय सांगतोय हेही ठाऊक होतं. ती उतरली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय म्हणताय? हवा?"

त्यानं जोरजोरात मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, कुणाला तरी कळलं म्हणून.

"हवा हवीय? अहो, मोकळ्यावरच तर बसलाय." तिनं आतून टेबलफॅन आणला, स्टुलावर ठेवला, त्याच्या तोंडावर सोडला. शिंप्याला हसू आवरलं नाही. नवऱ्याचे विरळ केस वाऱ्यानं उभे राहिले. मग ती गाडीकडे गेली, त्याला दिसेल अशा बेतानं बाजूला उभी राहिली आणि हातपंप घट्ट होईपर्यंत अंगठ्यानं दाबत राहिली. पुढच्या किल्लीला गाडी सुरू झाली.

तपासणीच्या दिवशी ती आधी मोठ्या रस्त्यावर गेली. बरेच दिवस उभ्या असलेल्या डिझेल गाडीच्या पोटात काजळी साठते. लांबवर तापवून, जोरात पळवून ती उडवावी लागते. तिनं गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून पाय दाबला. मागं काळा धूर उठला, मग करडा, मग दिसेनासा झाला. ती एकटीच होती. परतीला वळायची जागा आली, तरी ती तशीच थोडी पुढं गेली.

तपासनीस तरुण होता, कानामागं पेन्सिल. ब्रेक झाले, दिवे झाले. सायलेन्सरमध्ये नळी घालून त्यानं अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकेपर्यंत दाबला, पुन्हा दाबला. आकडा बघून भुवया वर केल्या.

"एवढ्या जुन्या गाडीला एवढा कमी धूर? कोण ठेवतं गाडी?"

"मीच," ती म्हणाली.

गाडी पास झाली. ती घरी निघाली खरी, पण गल्लीच्या तोंडाशी आल्यावर वळलीच नाही. सरळ धुलाईघराच्या मागच्या आवारात गेली, चादरींच्या ट्रॉल्यांपलीकडे गाडी लावली, कुलूप घातलं आणि चालत घरी आली.

तो दारातच होता. तिच्याकडे नाही, तिच्या मागं बघत होता.

"नापास झाली," ती चप्पल काढत म्हणाली. "धुरात. तपासनीस हसला हो. म्हणाला, असला खटारा रस्त्यावर आणायला लाज वाटत नाही का. मग मी तिथूनच भंगारात दिली. त्यांनी माझ्यासमोरच बॉनेट उचकटलं."

त्याचा जबडा हलत राहिला, अक्षरसुद्धा फुटेना. मग तो रडू लागला, लहान मुलासारखा, नाकातोंडातून. तिनं त्याचं तोंड पुसलं, भात कालवला आणि त्याचं रडणं थांबेपर्यंत चमचा हातात धरून बसून राहिली.

त्या महिन्यात मुलगी आली. आई तिला न्यायला स्टेशनावर गाडी घेऊनच आली होती. मुलगी पदपथावरच थबकली.

"आई, अगं ही भंगारात गेली ना? शेजारच्या काकू फोनवर म्हणाल्या, बाबा जेवत नाहीयेत म्हणून."

"बस. सांगते."

मुलगी बऱ्याच वर्षांनी त्या गाडीत बसली. वाटेत सगळं ऐकलं. धुलाईघराशी गाडी उभी राहिल्यावर म्हणाली, "असं नको करूस गं. आजारी माणूस आहे."

"मग तू सांग त्यांना. तुझा बाप आहे. मी अडवणार नाही."

मुलगी घरी आली, बापाच्या खुर्चीजवळ स्टूल घेऊन बसली. त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि दाराबाहेरच्या रिकाम्या जागेकडे दाखवलं. जागेवर ऑइलचा डाग होता. तो रडत होता. मुलगी त्या हाताकडे बघत राहिली. तो हात असा तिच्या अंगाला कधी लागलाच नव्हता.

"हो बाबा," ती म्हणाली. "गेली ती." मग मनगट सोडवून घेऊन आत आईला मदत करायला गेली.

पुढं त्याच्या पाठीला जखमा होऊ लागल्या. इस्पितळातून हवेची गादी मिळाली. ती काही चालत आणण्यासारखी नव्हती. दुपारी तो झोपलेला असतो म्हणून तिनं गाडी दाराशी आणली. पण झोप कुठली. त्या इंजिनचा ठोका तो हजारात ओळखायचा. ती गादी ओढत आत आली तेव्हा तो टक्क जागा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याचा चेहरा आधी फुलला आणि मग हळूहळू, एकेक गोष्ट ध्यानात येत गेली तसा, उतरत गेला.

"कळलं ना?" ती म्हणाली. "बरं झालं. रोज तिथवर चालून पाय दुखायचे माझे."

तिनं गादी पसरली, त्याला कुशीवर वळवलं, जखमा धुतल्या, मलम लावलं. हात हलकाच होता. त्या दिवसापासून गाडी अंगणात, आपल्या जागी उभी राहू लागली. पलंग मात्र तिनं शिंप्याच्या मदतीनं मागच्या खोलीत हलवला. तिथं खिडकी होती, पण ती शेजारच्या भिंतीवर उघडायची. सकाळी ती कामावर निघताना त्याला इंजिन सुरू झालेलं ऐकू यायचं, मग गिअर पडलेला, मग गल्लीच्या वळणावरचा हॉर्न. पहिले काही दिवस तो मोठमोठ्यानं ओरडायचा. शेजारणी धावत यायच्या, पाणी पाजायच्या, आणि काकू किती करतात तुमचं, असं त्याला समजावून परत जायच्या.